हजारात तीन

सुई माझ्या बोटात गेली तेव्हा सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वॉर्डातलं घड्याळ बरोबर समोरच्या भिंतीवर होतं.

सहा नंबरच्या खाटेवर आदल्या संध्याकाळी दाखल झालेली एक बाई होती. सुगंधा वाघमोडे, वय बत्तीस, उलट्या आणि जुलाब. सलाईनच्या जागी एक हात सुजला म्हणून मी ती दुसऱ्या हाताला लावत होते. शीर सापडली, प्लास्टिकची नळी आत सरकली आणि मी सुई बाहेर काढली. तेवढ्यात तिला जोराची उबळ आली. ती उठून बसायला गेली, तिचं कोपर माझ्या उजव्या हातावर आपटलं आणि हातातली सुई ग्लोव्हमधून डाव्या तर्जनीत घुसली.

"काय झालं, सिस्टर?"

"काही नाही. तुम्ही पडा."

मी सलाईन सुरू केली, चिकटपट्टी लावली आणि मगच बेसिनपाशी गेले. ग्लोव्ह काढला तर बोटाच्या टोकाशी रक्ताचा टपोरा थेंब. साबण लावून हात धुतला. फार घाबरले नव्हते. मिरजेतल्या त्या वीस खाटांच्या खासगी हॉस्पिटलात मला तीन वर्षं झाली होती, आणि असं टोचणं आम्हा नर्सेसना नवीन नव्हतं. आमच्या मेट्रन म्हणायच्या, "स्पिरिट लाव आणि कामाला लाग." शिवाय बाई साधी खेड्यातली. नागजच्या पुढचं गाव, नवरा वारलेला, कवठेमहांकाळला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. केसपेपरवर 'पूर्वीचा आजार' या रकान्यात मीच 'नाही' असं लिहिलं होतं.

पुढच्या खाटेवरच्या आजीचं ब्लडप्रेशर घेत होते तेव्हा सुगंधाचा आवाज आला. माझ्याशी नव्हे, उशाशी बसलेल्या जावेशी ती बोलत होती.

"अक्काताई, जरा च्या आणता का खालनं? लिंबू पिळून. त्वांड लई कडू पडलंय."

"आत्ता तर उलटी झाली की!"

"तरी आणा."

जाऊ कुरकुरत जिन्याकडे गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत सुगंधा दाराकडे बघत राहिली. मग तिने मला हाताने खूण केली.

"सिस्टर, ती सुई तुम्हाला टोचली न्हवं?"

"थोडी. काळजी करू नका, तुमची काही चूक नाही."

"माझ्या हातातली हुती, तीच?"

"हो."

तिने डोळे मिटले. मला वाटलं पुन्हा उलटी येतेय, म्हणून मी भांडं पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं.

"मला त्ये हाय," ती म्हणाली. "सांगलीच्या सिव्हिलात गोळ्या चालू हायत. दोन वर्सं झाली."

मला एका क्षणात समजलं. तरी मी विचारलं, "ते म्हणजे काय?"

"एचआयव्ही."

यापुढचं सांगायला मला आजही जड जातं. माझ्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. डोक्यात काय काय आलं ते सांगता येणार नाही, पण तोंडातून जे आलं ते साऱ्या वॉर्डने ऐकलं. "आधी का नाही सांगितलंत? काल विचारलं होतं ना मी! का नाही सांगितलंत?"

समोरच्या खाटांवरच्या माना वळल्या. आणि दारात, हातात चहाचा ग्लास घेऊन, अक्काताई उभी होती. खालच्या टपरीपर्यंत ती गेलीच नव्हती. जिन्यात चहावाला भेटला होता.

सुगंधाने एकदा जावेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उशीखालची कापडी पिशवी पोटाशी ओढली आणि आतून हिरव्या कव्हरची एक पुस्तिका काढून चादरीआडून माझ्या हातात सरकवली.

"ही माझ्या गोळ्यांची वही. घेऊन लगेच सिव्हिलात जावा," ती अगदी हळू बोलली. "डॉक्टर मुजावर म्हणून बाई हायत. त्यास्नी दावा. उशीर करू नगा. ज्येवढ्या लवकर गोळी, त्येवढं बरं, असं त्या सांगत्यात."

मी पुस्तिका एप्रनच्या खिशात घातली. तिला 'बरं' असंही म्हटलं नाही.

मेट्रनना सांगितलं की डोकं फार दुखतंय, घरी जाते. खरं सांगायची हिंमत झाली नाही. तिचं गुपित राखायचं म्हणून मी गप्प बसले असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं. मला भीती वाटली ती माझ्या नोकरीची. 'तिला काहीतरी लागलंय' अशी कुजबूज एकदा सुरू झाली की त्या हॉस्पिटलात मला कोण ठेवणार होतं?

सांगलीच्या बसमध्ये मी ती पुस्तिका उघडून पाहिली. पहिल्या पानावर तिचा फोटो, पूर्ण नाव, गावाचा पत्ता. हे दोन वर्षं तिने सख्ख्या जावेपासून लपवलं होतं, आणि आता ते माझ्या मांडीवर होतं. तेव्हा मात्र तिच्याबद्दल माझ्या मनात रागाशिवाय काही नव्हतं, हेही लिहायला हवं.

डॉ. नसीमा मुजावर पन्नाशीच्या होत्या. चष्मा कपाळावर, समोर पेशंटची रांग. मी सुईचं सांगितल्याबरोबर त्यांनी रांग थांबवली, मला आत घेतलं आणि माझं नाव लिहून घेतलं, सलोमी.

"किती वाजता टोचली?"

"दहा वीस."

त्यांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. "छान. लवकर आलीस. सुई पोकळ की भरीव?"

"पोकळ. सलाईनची."

"शिरेतून नुकतीच काढलेली?"

"हो."

"रक्त दिसत होतं सुईवर?"

"हो, मॅडम."

"ग्लोव्ह होता?"

"होता. पण बोटातून रक्त आलं."

"दाबून रक्त काढलंस का?"

"नाही. साबणाने धुतलं फक्त."

"तेच बरोबर. दाबायचं नसतं." त्या प्रत्येक उत्तर लिहून घेत होत्या. "आता मुद्द्याचं. पेशंटला एचआयव्ही आहे हे तुला कसं कळलं? तपासणी झाली होती?"

मी पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. "तिनेच सांगितलं. तिनेच दिली ही."

मुजावर मॅडमनी पुस्तिका उघडली, नाव वाचलं, आणि त्यांचं पेन थांबलं. चष्मा डोळ्यांवर ओढून त्या फोटोकडे जरा वेळ पाहत राहिल्या.

"सुगंधा," त्या म्हणाल्या. "हिने स्वतःहून दिली?"

"हो."

"सलोमी, ही बाई इथे येताना गावातून एसटीने सरळ सांगलीला येत नाही, मधे उतरून गाडी बदलते. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून." मग त्या पानं उलटू लागल्या. "चोवीस महिने. एकही महिना चुकलेला नाही. वजन वाढलंय, रक्ताचे आकडे सुधारलेत. ऐक, तुला समजेल असं सांगते. टोचलं म्हणजे आजार झालाच असं नसतं. आत किती विषाणू गेले त्यावर बरंच अवलंबून असतं. सुईत रक्त होतं ही वाईट गोष्ट. पण हिच्यासारख्या नियमित गोळ्या घेणाऱ्या बाईच्या रक्तात विषाणू कमी असतात, ही फार चांगली गोष्ट. म्हणजे तुझ्या बोटात जे गेलं ते थोडं असण्याची शक्यता जास्त."

"थोडं म्हणजे किती?"

"ते मोजायची सोय आपल्याकडे नाही. पण थोडे असोत की जास्त, पहिले काही तास ते आसपासच्याच पेशींमध्ये असतात. तिथून काखेतल्या गाठींपर्यंत पोचायला, अंगभर पसरायला त्यांना दोन-तीन दिवस लागतात. एकदा पसरले की आपण त्यांना घालवू शकत नाही. त्याच्या आत औषध रक्तात उतरलं पाहिजे." त्यांनी ड्रॉवरमधून गोळ्यांचं पाकीट काढलं. "आणि हिला कोणत्या गोळ्या चालू आहेत ते या पुस्तिकेत आहे. त्यावरून तुला कोणत्या द्यायच्या ते ठरवता येतं. नाहीतर मला अंदाजानेच द्याव्या लागल्या असत्या. घे, माझ्यासमोर घे."

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी मी पहिली गोळी घेतली. अठ्ठावीस दिवस चुकवायची नाही, असं त्यांनी बजावलं. आता एक रक्ततपासणी, मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. तोवर नवऱ्याशी संबंध जपून आणि मूल नको.

निघताना त्यांनी पुस्तिका माझ्या हातात परत दिली. "ही तिला नेऊन दे. पुढच्या आठवड्यात तिची तारीख आहे."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले तर सहा नंबरची खाट रिकामी होती. उलट्या थांबल्या म्हणून सकाळीच सुट्टी दिली होती.

गोळ्यांनी तिसऱ्या दिवसापासून माझं पोट ढवळून काढलं. मी सकाळी उठून मोरीत ओकायचे आणि सासूबाई दाराबाहेर उभ्या राहून हसऱ्या आवाजात विचारायच्या, "सलोमी, काही विशेष आहे का गं?" चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी कैरी आणली. ती कैरी बघून मला रडू फुटलं. तेव्हा मी सायमनला, माझ्या नवऱ्याला, मागच्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं. तो शाळेत शिक्षक आहे, मोजकं बोलतो. सगळं ऐकून त्याने एवढंच विचारलं, "त्या बाईची वही परत दिलीस?"

"नाही."

"रविवारी प्रार्थना झाली की जाऊ."

रविवारी दुपारी आम्ही त्याच्या मोटरसायकलवरून निघालो. गाव छोटं. वाघमोड्यांचं घर एका पोराने दाखवलं. अंगणात अक्काताई ज्वारी पाखडत होती. मला पाहताच तिने सूप खाली ठेवलं.

"सिस्टर तुमी? हिकडं कशा?"

"सुगंधाताईंचा एक रिपोर्ट राहिला होता. याच बाजूला आलो होतो, म्हटलं देऊन जावं."

सुगंधा आतून आली. माझ्याकडे पाहून तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तिने दाराची चौकट धरली एवढंच मी पाहिलं. मी पिशवीतून जाड पाकीट काढून तिच्या हातात दिलं. पुस्तिका आत घालून ते चिकटवून बंद केलं होतं.

"थांबा," अक्काताई म्हणाली. "त्या दिशी तुमी हिच्यावर वरडलात. मी दारात हुते. 'आधी का न्हाई सांगितलं' म्हणून वरडलात. काय सांगितलं न्हवतं हिनं? मी चार दिवस इचारतीय, ही बोलंना. हिच्या हातचं खावं का न्हाई, तेबी आमाला कळंना. काय झालंय हिला? खरं सांगा."

सुगंधा खाली बघत उभी होती. आत जात्यापाशी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी थबकून ऐकत होती. ती सुगंधाचीच असावी, चेहरा तसाच होता.

मी आयुष्यात फार खोटं बोललेली नाही. त्या दिवशी बोलले.

"यांना एका इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे," मी म्हटलं. "ते मी देणारच होते, आणि यांनी अगदी शेवटच्या क्षणी सांगितलं. दिलं असतं तर जिवावर बेतलं असतं. म्हणून मी ओरडले. चूक माझी होती, पेशंटवर असं ओरडायचं नसतं. मी माफी मागायलाच आले आहे."

"एवढंच?"

"एवढंच. पोटाचा आजार होता, तो बरा झालाय. वसतिगृहात कामावर जायला काही हरकत नाही. हवं तर मी तसं कागदावर लिहून देते."

सूप उचलत अक्काताई म्हणाली, "मला काय काय वाटलं हुतं. बसा, च्या टाकते."

ती आत गेल्यावर मी सुगंधाजवळ सरकले आणि खालच्या आवाजात म्हटलं, "मला माफ करा."

तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "गोळ्या सुरू झाल्या?"

"त्याच दिवशी. बारा पंचवीसला."

"उलट्या हुत्यात?"

"फार."

"गोळीच्या आधी दोन घास भात खावा. नुसत्या पोटी घेऊ नगा. आणि उलटी झाली म्हणून गोळी सोडू नगा. पंधरा दिसांनी कमी हुतंय. मला बी असंच झालतं." मग सायमनकडे बघून ती म्हणाली, "ह्यास्नी ठावं हाय?"

"हो."

"मग बरं हाय," ती म्हणाली. तिने सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला.

उरलेले सगळे दिवस मी गोळीआधी भात खाल्ला. अठ्ठावीस दिवसांत एकही गोळी चुकली नाही. सहा आठवड्यांची तपासणी चांगली आली, तीन महिन्यांची चांगली आली. सहाव्या महिन्याची तारीख मुजावर मॅडमनी मुद्दाम सुगंधाच्या तारखेला जुळवून दिली होती की तो योगायोग होता, ते मी कधी विचारलं नाही. मी सिव्हिलात गेले तर बाहेरच्या बाकावर ती बसलेली होती. गोळ्या घेऊन झाल्या होत्या, परतीची गाडी केव्हाच निघून गेली होती.

"का थांबलात?"

"तुमचा निकाल कळल्याबिगर कशी जाऊ?"

मी आत गेले आणि पाच मिनिटांनी हसत बाहेर आले. मी काही बोलायच्या आधीच तिने माझ्या तोंडावरून ओळखलं. ती उठली, पदर तोंडावर धरला आणि इतक्या मोठ्याने रडली की रांगेतले लोक आमच्याकडे पाहू लागले. त्यांना वाटलं असेल, वाईट बातमी तिचीच आहे.

पुढे सायमनची बदली झाली आणि आम्ही पुण्याला आलो. आमची मुलगी तिथेच जन्मली. मी एका संशोधन केंद्रात नर्स म्हणून लागले. एचआयव्हीवरच्या लसीचा अभ्यास चालला होता. त्यात निरोगी माणसं स्वेच्छेने भाग घेत, आणि त्यांना लस टोचणं, रक्त घेणं, वर्षभर त्यांची विचारपूस करणं हे माझं काम होतं. ते काम मी का मागून घेतलं, हे वेगळं सांगायला नको.

तिथे आम्हा नर्सेसना एकदा एका शास्त्रज्ञ बाईंनी दोन तास शिकवलं. लसी माकडांवर तपासतात तेव्हा काय होतं, ते त्या सांगत होत्या. पूर्वी माकडांना विषाणूची एकदाच भरपूर मात्रा देत, म्हणजे लस न टोचलेलं प्रत्येक माकड नक्की बाधित व्हावं आणि फरक लगेच दिसावा. पण एवढ्या माऱ्यापुढे चांगली लससुद्धा टिकत नसे. आणि माणसाला इतकी मात्रा सहसा कधी मिळतच नाही. संबंधातून लागण होते तेव्हा बहुतेक वेळा एखाद्याच विषाणूपासून ती सुरू होते. बाकीचे वाटेतच संपतात. म्हणून आता थोडी थोडी मात्रा, पुन्हा पुन्हा देऊन पाहतात. तो एकटा विषाणू पाय रोवायच्या आत त्याला गाठता येतं का, असा आता शोध चालू आहे.

मी हात वर केला. "मॅडम, नर्सला सुई टोचली तर?"

"पोकळ सुई, रक्त असलेली? औषध घेतलं नाही तरी हजारात सुमारे तिघांना लागण होते."

"आणि समोरचा पेशंट नियमित गोळ्या घेत असेल तर?"

"मग त्याहूनही खूप कमी."

त्या पुढे बोलत राहिल्या. माझं मात्र लक्ष नव्हतं. हजारात तीन, आणि माझ्या बाबतीत त्याहूनही कमी. म्हणजे सुगंधा गप्प बसली असती तरी मी बहुतेक वाचलेच असते. माझ्या गोळ्या, ती पुस्तिका, तिचा जीव टांगणीला लागलेले ते चार दिवस, यातलं काहीच घडलं नसतं तरीही.

दुपारच्या सुट्टीत मी तिला फोन लावला. वर्षातून दोन-तीनदा आम्ही बोलायचो. ती अजून त्याच वसतिगृहात होती. मुलीचं लग्न ठरत होतं. घरात तोवर सगळ्यांना कळलं होतं. तिने स्वतःच, स्वतःच्या वेळेला सांगितलं होतं. दीर वर्षभर बोलला नाही, अक्काताई मात्र तिच्याबरोबर गोळ्या आणायला सांगलीला जायला लागली होती.

मी जे ऐकलं ते तिला जमेल तसं सांगितलं. "म्हणजे बघा, तुम्ही सांगितलं नसतंत तरी मला बहुतेक काही झालं नसतं. हजारात तिघांनाच होतं."

पलीकडे तिने हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सिस्टर," ती म्हणाली, "माझ्या मालकास्नी ठावं हुतं. लग्नाच्या आधीपास्नं. मिरजंच्या डाक्टरनं त्यास्नी सांगितलं हुतं. कागद पेटीत घालून ठेवला हुता, ते गेल्यावर मला घावला. आठ वर्सं एका ताटात जेवलो. रोज एकदा तरी सांगता आलं असतं. न्हाई सांगितलं."

जिन्यातून दोघी नर्सेस खाली उतरत होत्या, मी त्यांना वाट दिली.

"तुमच्या बोटावर रगत बघितलं, तवा मला हजार न् तीन काय ठावं न्हवतं. एवढंच कळत हुतं की आता मला ठावं हाय आणि तुम्हाला न्हाई."

सुईची ती सकाळ होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मी तिच्यासाठी औषधं पाठवली होती, मुलीला पुस्तकं पाठवली होती, मुजावर मॅडमकडे तिची चौकशी करत होते. पण आभार असे मी तिचे कधी मानलेच नव्हते. वॉर्डात ओरडले होते आणि अंगणात माफी मागितली होती, एवढंच. त्या दुपारी, केंद्राच्या जिन्यात उभी राहून, मी ते शब्द उच्चारले. रडत रडतच.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बरं, बरं. रडू नगा. तुमची लेक कितवीत गेली?"

"दुसरीत."

"हुशार हाय?"

"गणितात कच्ची आहे. बाकी ठीक."

"हुईल. आता ठेवते, सिस्टर. मुली जेवायला बसल्यात, आमटी वाढायचीय."